सुई टोचू नये म्हणून, आणि टोचलीच तर काय: वॉर्डात नव्याने येणाऱ्यांसाठी

२०११ सालची गोष्ट. मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात लागून मला जेमतेम पाच आठवडे झाले होते. नाईट होती, पहाटेचे साडेतीन वाजले असतील. जमखंडीकडच्या एका पेशंटचं रक्त काढलं, बल्बमध्ये (तपासणीच्या छोट्या नळीत) भरलं, लेबल चिकटवलं. सगळं नीट झालं. मग सुईला टोपण घालत होते, तेवढ्यात त्याच्या बायकोने विचारलं, "अक्का, नीरु कोडलेनु?" पाणी देऊ का, म्हणून. मी मान वर केली आणि सुई टोपणाच्या कडेवरून घसरून डाव्या तर्जनीत शिरली.

फारसं दुखलंही नाही. ग्लोव्हच्या आत एक लाल ठिपका हळूहळू पसरत गेला, इतकंच. मी बेसिनपाशी गेले, बोट पिळलं, स्पिरिटचा बोळा दाबून धरला आणि कुणाला काही बोलले नाही. इन्चार्ज सिस्टर ओरडतील. "साधं रक्त काढता येत नाही का?" असं कुणीतरी म्हणेल. नोकरी नवी, होस्टेलचं भाडं थकलेलं. चाळीस तास मी गप्प राहिले. त्या चाळीस तासांचं पुढे काय झालं ते सातव्या पायरीत सांगते.

आता नव्या पोरापोरींना वॉर्डाची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे असतं. जीएनएम किंवा बीएस्सी करून आलेल्या सिस्टर आणि ब्रदर, लॅबची मुलं, इंटर्न, कंत्राटावर आलेल्या मावशी आणि मामा, सगळेच. इतक्या वर्षांत पाहिलेल्या प्रिकपैकी, म्हणजे सुई टोचण्याच्या घटनांपैकी, पेशंटला सुई लावताना झालेले मला बोटांवर मोजता येतील. बाकी सगळे काम संपल्यावरचे. सुईचं काम झालं की आपलं लक्ष उडतं, आणि तिचं टोक मात्र तेवढंच धारदार असतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

१. रुजू व्हायच्या आधी: तीन डोस आणि टायटर

रक्तातून येणारे आजार म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं, एचआयव्ही. आकडे वेगळं सांगतात. एचआयव्ही असलेल्या पेशंटची रक्ताने माखलेली सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे तीनशेत एक. हिपॅटायटिस सीचा आकडा पुस्तकांत १.८ टक्के दिलेला असतो. अलीकडे तो त्याहूनही कमी धरतात. आणि हिपॅटायटिस बी? लस घेतलेली नसेल तर ६ ते ३० टक्के. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे ट्रॉलीच्या कडेला राहिलेला परवाचा तपकिरी डागसुद्धा निर्धास्त पुसण्यासारखा नसतो.

या तिघांपैकी लस फक्त बीवर आहे. आणि नेमकी तीच आपल्यातल्या बऱ्याच जणांची अर्धवट राहिलेली असते.

डोस तीन: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. इंजेक्शन दंडात घ्यायचं, कमरेत नाही. कमरेच्या चरबीत गेलं तर नीट परिणाम होत नाही. नेहमीचा घोळ तिसऱ्या डोसाचा. पहिले दोन कॉलेजात रांग लावून होतात, तिसऱ्याच्या वेळी परीक्षा असते, सुट्टी असते, कुणी गावी गेलेलं असतं. तुमचा तिसरा राहून दोन वर्षं झाली असतील तरी पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. राहिलेला घ्या.

तिसऱ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती संरक्षण तयार झालं याची तपासणी, करायचं. १० किंवा त्याहून जास्त आलं तर तुम्ही सुरक्षित. हा आकडा पुढे काही वर्षांनी उतरला तरी चालतो, पण एकदा १० च्या वर गेल्याचा कागद हातात असायला हवा. म्हणून टायटर "करू कधीतरी" म्हणून ढकलू नका. पाच वर्षांनी कमी आलं तर मुळात वर गेलंच नव्हतं की नंतर उतरलं हे कळायला मार्ग राहत नाही. १० च्या खाली आलं तर आणखी तीन डोस घेऊन पुन्हा तपासायचं. तरीही आलं नाही, तर ते लाल शाईने कार्डावर लिहून ठेवा. असे लोक असतात, त्यात त्यांचा दोष नाही, पण प्रिक झाल्यावर त्यांचा उपचार वेगळा असतो.

पैसे कुणी भरायचे? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हे स्पष्ट आहे. दवाखान्याने आपल्या कर्मचाऱ्यांना आणि कचरा हाताळणाऱ्या इतरांनाही हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, रुजू होताना आणि पुढे वर्षातून निदान एकदा तपासणी करायची. "इतरांनाही" हा शब्द मावशी-मामांसाठी आहे. कंत्राटदाराकडून आलात म्हणून हक्क कमी होत नाही.

२. पहिल्या दिवशी विचारून ठेवायचं

कॅन्टीन कुठे हे पहिल्या तासात कळतं. खालचं मात्र कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून विचारा आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

प्रिक झाला तर रात्री तीन वाजता कुणाला फोन करायचा? नाव आणि नंबर. "कुणालाही सांगा" हे उत्तर घेऊ नका.

एचआयव्हीच्या बचावाच्या गोळ्यांचा, म्हणजे पीईपीचा, पहिला डोस कुठल्या कपाटात आहे, किल्ली कुणाकडे आहे? आपल्याकडे दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम पुष्कळ. तिथे डोस ठेवलेला नसेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी हे उत्तर. सांगलीत सिव्हिल, मिरजेत मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, साताऱ्यात जिल्हा रुग्णालय. एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र) दिवसा चालतं, रात्री कॅज्युअल्टीच. तिथेही आधी एकदा चौकशी करून ठेवा, वेळ आली की शोधाशोध नको.

घटना नोंदवायचं रजिस्टर किंवा फॉर्म कुठे?

ही मेहेरबानी मागणं नव्हे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ सालचा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कामामुळे रक्ताशी संबंध येणाऱ्या सगळ्यांना संरक्षणाची साधनं, ती वापरायचं प्रशिक्षण आणि पीईपी देणं हे त्या कायद्याने आरोग्यसंस्थेवर बंधनकारक केलंय. कायदा दाखवत भांडायला जाऊ नका, पण माहीत असू द्या. विचारणाऱ्याचा आवाज आपोआप बदलतो.

३. अंगावर काय चढवायचं

रक्त काढणं, सलाईन लावणं, ड्रेसिंग: ग्लोव्ह्ज. रक्त उडण्याची शक्यता असेल (डिलिव्हरी, सक्शन, इंट्युबेशन, मोठी जखम धुणं): ग्लोव्ह्ज, मास्क, गॉगल किंवा फेसशील्ड, प्लॅस्टिकचा ॲप्रन. पायात पुढून बंद बूट. सँडल घालून आलेल्या मुलीच्या पायाच्या अंगठ्यावर ब्लेड पडलेलं मी पाहिलंय.

ग्लोव्हने सुई अडत नाही, पण सुईवरचं बरंचसं रक्त रबरावर पुसलं जातं आणि आत कमी जातं. तेवढा फायदाही सोडू नये. सगळ्यात वाईट सवय म्हणजे शीर लागत नाही म्हणून ग्लोव्हचं तर्जनीचं टोक फाडून टाकणं. मोठमोठे हुशार लोक करतात हे. ज्या बोटाला सर्वांत जास्त धोका तेच उघडं ठेवायचं, याला काय म्हणावं! शीर आधी उघड्या हाताने चाचपा, जागा लक्षात ठेवा, हात सॅनिटाइझ करा, मग ग्लोव्ह घाला. एका पेशंटनंतर ग्लोव्ह काढून टाकायचे. स्पिरिटने पुसून पुढच्याला वापरायचे नाहीत. आणि काढल्यावर हात धुवायचेच.

हे सगळं प्रत्येक पेशंटला. रिपोर्ट पाहून ठरवायचं नाही. काही ठिकाणी खाटेवर किंवा फाइलवर "पॉझिटिव्ह" असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवतात. ते बेकायदेशीर आहे, माणसाला अपमानास्पद आहे, शिवाय आपल्यालाही घातक. त्या एका खाटेपाशी आपण तीन ग्लोव्ह्ज चढवतो आणि शेजारच्या खाटेवर, जिथे कुणी तपासलेलंच नाही, तिथे बिनधास्त असतो. उलट नियमित औषध घेणाऱ्या एचआयव्हीच्या पेशंटच्या रक्तात विषाणू इतका कमी असतो की त्याच्यापासूनचा धोका खूपच उतरतो.

४. सुई हातात घेण्याआधी तिची शेवटची जागा ठरवा

ही पायरी पाठ करा, बाकीची वाचली तरी पुरे.

डबा आधी, पेशंट नंतर. शार्प्सचा पांढरा, भोक न पडणारा डबा ट्रॉलीवर तुमच्या हाताच्या अंतरावर हवा. तो नर्सिंग स्टेशनवर आणि तुम्ही बारा नंबरच्या खाटेवर असाल, तर मधल्या वीस पावलांत ती सुई कुणालातरी टोचणार. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. दाबून बसवायचा नाही, आत हात घालायचा नाही, "अजून एक मावेल" म्हणायचं नाही.

टोपण परत घालायचं नाही. मला टोचली ती अशीच. सुई सिरींजसकट हबकटरमध्ये (सुई कापायच्या यंत्रात) कापा किंवा थेट डब्यात टाका. वाकवायची नाही, हाताने सिरींजवरून ओढून काढायची नाही. एबीजी, म्हणजे धमनीतलं रक्त काढण्यासारख्या वेळी टोपण घालावंच लागलं तर एका हाताने. टोपण सपाट ट्रेमध्ये आडवं ठेवायचं, दुसरा हात पाठीमागे न्यायचा (खरंच पाठीमागे, मी शिकवताना पदराला धरायला सांगते), सुईच्या टोकाने टोपण उचलायचं आणि ट्रेच्या कडेला टेकवून दाबायचं. रिकाम्या सिरींजवर वीस वेळा करून बघा. पहिल्यांदा हसू येईल, मग जमेल.

सिरींजमधलं रक्त बल्बमध्ये भरताना बल्ब हातात धरायचा नाही. जांभळ्या टोपणाचा ईडीटीए बल्ब दोन बोटांत धरून वरून सुई खुपसणारे रोज दिसतात. बल्ब स्टँडमध्ये ठेवा, मग एका हाताने. जमत असेल तिथे व्हॅक्युटेनर (रक्त थेट बल्बमध्ये ओढून घेणारी सुई) वापरा, म्हणजे ही भानगडच उरत नाही.

आता इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवायची नळी. शीर सापडते, रक्त येतं, सगळा जीव आता बाहेर ओघळणारं रक्त थांबवण्यात आणि चिकटपट्टी लावण्यात जातो. आतली लांब सुई, स्टायलेट, कुठे गेली? गादीवर. "एक मिनिट ठेवते." मग पेशंट हलतो, चादर सरकते, सुई घडीत शिरते. संध्याकाळी मावशी चादर गोळा करतात, मुठीत दाबून. एकदा आमच्या मावशींच्या तळव्यात अशी सुई जवळजवळ अर्धी गेली. कुणाची होती, कोणत्या खाटेवरची, काही कळलं नाही, कारण तोवर सहा चादरी एकत्र झाल्या होत्या. त्यांनी ती सुई माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "सिस्टर, ही तुमच्यातल्या कुणाचीतरी हाय." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून माझा नियम: स्टायलेट निघाली की आधी किडनी ट्रे, ट्रे आधीच खाटेवर, मांडीच्या उंचीला, उजव्या हाताला. चिकटपट्टीचे तुकडेही आधीच कापून ठेवायचे. सोय असेल तर सुई आपोआप झाकली जाणारे सेफ्टी इंट्राकॅथ मागा.

आणखी तीन जागा जिथे सुया लपतात: सलाईनच्या बाटलीत खोचलेली, गादीच्या कडेला टोचून ठेवलेली, आणि ॲप्रनच्या खिशात "नंतर टाकते" म्हणून ठेवलेली. शुगर तपासायची लॅन्सेटही सुईच. ती इवलीशी आहे म्हणून कापसाबरोबर पिवळ्या पिशवीत जाते आणि पिशवी बांधणाऱ्याला टोचते.

पेशंट धरायला माणूस घ्या. लहान मूल, गुंगीतला माणूस, दारू सुटण्याच्या झटक्यातला माणूस: एकटीने सुई लावायची नाही. आणि आपल्याकडे कर्नाटकातले पेशंट भरपूर, त्यामुळे दोन-चार कन्नड वाक्यं शिका. "हात हलवू नका" हे पेशंटला त्याच्या भाषेत कळलं तर तो हलत नाही. नातेवाइकाला मात्र आधीच सांगा, सुई हातात असेपर्यंत काही विचारू नका.

कचऱ्याचे रंग थोडक्यात: रक्ताने भिजलेला कापूस, गॉज, ड्रेसिंग पिवळ्यात, सलाईन सेट, कॅथेटर, सुई काढलेली सिरींज, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, सुई, ब्लेड, लॅन्सेट पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या, फुटलेले ॲम्प्यूल निळ्यात. ॲम्प्यूल फोडताना गॉजचा तुकडा घ्या, बोट कापलं की तेही रक्ताला उघडं दार.

५. ओटी आणि लेबर रूम

मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, दोनच वर्षं होते, त्यामुळे मोजकंच सांगते.

ब्लेड हँडलला लावताना आणि काढताना आर्टरी फोर्सेप, बोटं नाहीत. धारदार वस्तू हातातून हातात द्यायची नाही. मध्ये ट्रे ठेवायचा, एकाने ठेवायची, दुसऱ्याने उचलायची, आणि ठेवणाऱ्याने मोठ्याने "ब्लेड" किंवा "नीडल" म्हणायचं. सर्जन वैतागतात सुरुवातीला. दोन आठवड्यांत सवय होते. लांबणाऱ्या शस्त्रक्रियेत दोन ग्लोव्ह्ज, आतला अर्धा नंबर मोठा घेतला तर हात आखडत नाही.

टाके घालताना सुईचं टोक बोटाने शोधायचं नाही, फोर्सेपने धरायचं. एपिझिओटॉमीचे (बाळंतपणात दिलेल्या छेदाचे) टाके रात्री अपुऱ्या उजेडात घालताना हेच होतं. आधी लाइट वळवून घ्या, मग बसा. डिलिव्हरीत पाणी आणि रक्त थेट तोंडावर येतं, म्हणून गॉगल हवाच. चष्मा असला तरी बाजूने आत जातं.

६. रक्त सांडलं तर

ग्लोव्ह्ज घाला, काच असेल तर चिमट्याने उचला, वर टिश्यू किंवा गॉज अंथरा, त्यावर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओता, वीस मिनिटं थांबा, मग पुसा. घाईत लगेच पुसलं तर रक्त फक्त पसरतं. बाटलीवरची टक्केवारी वाचा: ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग हायपो, चार भाग पाणी. रोज ताजं करा. आणि ते टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, खोकून जीव जातो.

७. टोचलीच, तर

पहिली पाच मिनिटं. हातातलं काम दुसऱ्याकडे द्या. ग्लोव्ह काढा. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. संपलं. पिळायचं नाही, चोखायचं नाही (बोट तोंडात जातं आपोआप, लहानपणापासूनची सवय), स्पिरिट नाही, डेटॉल नाही, हायपो तर मुळीच नाही. रगडण्याने आणि जाळण्याने कातडीला इजा होते, फायदा काही नाही. मी त्या रात्री नेमकं पिळलं आणि स्पिरिट लावलं. दोन्ही चूक.

डोळ्यात उडालं तर नळाखाली किंवा सलाईनने भरपूर धुवा, डोळा मिटू-उघडू देत. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती ठेवूनच आधी धुवा, मग लेन्स काढून पुन्हा धुवा. तोंडात गेलं तर थुंका, पुन्हापुन्हा चूळ भरा, साबण नको.

कशाकशाचा धोका? रक्त, रक्तमिश्रित काहीही, वीर्य, योनिस्राव, पाठीच्या मणक्यातलं, पोटातलं, छातीतलं, सांध्यातलं पाणी, गर्भजल. घाम, अश्रू, थुंकी, लघवी, शौच, उलटी यांत रक्त दिसत नसेल तर या आजारांचा धोका धरत नाहीत. अख्ख्या, न फाटलेल्या कातडीवर रक्त पडलं तर धुवायचं आणि निश्चिंत व्हायचं.

पहिले दोन तास. ड्युटी डॉक्टरला सांगा. एचआयव्हीसाठी पीईपीचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. पेशंटचा रिपोर्ट यायला उशीर होणार असेल तर थांबायचं नाही. पहिला डोस घ्यायचा, रिपोर्ट आल्यावर चालू ठेवायचं की बंद ते डॉक्टर ठरवतील. आता टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकच गोळी दिवसातून एकदा, २८ दिवस. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, किडनीचा त्रास असेल, किंवा कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, अँटॅसिड चालू असतील तर तेव्हाच सांगा. ही औषधं डोल्युटेग्राविरबरोबर एकाच वेळी घेतली तर ते अंगात नीट उतरत नाही.

पेशंटची तपासणी: एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीसाठी), अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सीसाठी). त्याला सांगून, समजावून, संमती घेऊनच. लॅबमध्ये उरलेल्या रक्तावर गुपचूप करून घ्यायचा मोह होतो. तो टाळा, कायद्याने संमती लागते. विचारायलाही तुम्ही स्वतः जाऊ नका, तुमचा चेहरा बघूनच तो घाबरेल. डॉक्टरांनी किंवा काउन्सिलरने विचारावं. "तुमच्यात काही आहे म्हणून नाही, आमच्या सिस्टरला सुई लागली म्हणून" असं नीट सांगितलं तर बहुतेक लोक हो म्हणतात.

माझ्या चाळीस तासांचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या रात्री होस्टेलवर रूममेटला कळलं, कारण मी जेवत नव्हते. ती मला हाताला धरून घेऊन गेली. तेव्हाच्या गोळ्या दिवसातून दोनदा होत्या आणि मळमळीने जीव नकोसा व्हायचा. तिसऱ्या दिवशी पेशंटचे रिपोर्ट आले. एचआयव्ही निगेटिव्ह. मी रडायला लागले, सुटले म्हणून. डॉक्टर कागद खाली ठेवेनात. एचबीएसएजी पॉझिटिव्ह होता, आणि माझ्या कार्डावर दोनच डोस होते. मग इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडींचं, इंजेक्शन आणि राहिलेला डोस, दोन्ही त्याच दिवशी. हे इम्युनोग्लोब्युलिन २४ तासांत दिलेलं उत्तम, सात दिवसांनंतर फारसा अर्थ नाही. माझे दोन दिवस मी नुसते भीतीत घालवले होते, आणि भीतीही भलत्याच आजाराची.

तुमचं टायटर १० च्या वर गेल्याचा कागद असेल, तर पेशंट हिपॅटायटिस बीचा असला तरी काही घ्यावं लागत नाही. पहिल्या पायरीवर इतका वेळ घालवला तो यासाठी. सीसाठी मात्र लस नाही, प्रतिबंधक गोळीही नाही. फक्त लक्ष ठेवायचं. लागण झालीच तर आता सोफोस्बुविरच्या गोळ्यांनी साधारण बारा आठवड्यांत बहुतेक जण बरे होतात, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती औषधं मोफत मिळतात.

८. कागद

हात धुऊन झाले, डोस घेतला, आता लिहा. त्याच शिफ्टमध्ये. तारीख, वेळ, कोणतं काम चालू होतं, सुई पोकळ होती की टाक्यांची, रक्त दिसत होतं का, ग्लोव्ह होते का, किती खोल गेली. "माझ्या निष्काळजीपणामुळे" असं वाक्य कुणी लिहायला सांगितलं तर लिहू नका. काय घडलं ते लिहा, का घडलं ते नंतर बघता येईल. पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये ज्याने बघायचं त्यानेच बघावं, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तुमचंही टाकू देऊ नका.

जवळ ठेवायचे कागद:

- लसीचं कार्ड आणि टायटरचा रिपोर्ट (मोबाईलमध्ये फोटोही)
- घटनेच्या फॉर्मची प्रत, घेणाऱ्याच्या सहीसकट
- घटनेच्या दिवशीचे तुमचे स्वतःचे रिपोर्ट: एचआयव्ही, एचबीएसएजी, अँटी-एचसीव्ही, आणि गोळ्या सुरू केल्या असतील तर क्रिएटिनिन (किडनीची तपासणी)
- पीईपीचं प्रिस्क्रिप्शन, सुरू केल्याची तारीख आणि वेळ
- ओळखपत्र, आधार

यातला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा. पहिल्याच दिवशी तुम्ही निगेटिव्ह होता हे कागदावर नसेल, तर पुढे काही निघालं तेव्हा ते कामामुळे झालं हे दाखवता येत नाही. "मला काही नाहीये, माझी कशाला टेस्ट" म्हणून टाळू नका.

९. पुढचे सहा महिने

एचआयव्हीची तपासणी सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. सीसाठी तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान आरएनए (रक्तात विषाणूच आहे का याची तपासणी) आणि चार ते सहा महिन्यांनी अँटीबॉडी. मोबाईलमध्ये त्याच दिवशी अलार्म लावा. गोळ्या २८ दिवस पूर्ण करा. सुरुवातीला डोकं दुखतं, झोप उडते, मळमळतं, पण डॉक्टरांना न विचारता सोडायच्या नाहीत. तपासण्या संपेपर्यंत रक्तदान नाही, आणि नवराबायकोत निरोध. घरी सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण नवऱ्याला किंवा बायकोला सांगावं लागतंच, म्हणून उगाच चार दिवस ढकलू नका. घरात ताट, वाटी, टॉवेल, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. बाळाला कडेवर घ्यायला काही हरकत नाही. कामावर यायलाही नाही.

रात्री झोप लागत नसेल तर १०९७ हा नॅकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा) मोफत नंबर आहे. तिथे मराठीतही बोलतात, नाव सांगावं लागत नाही.

आणि तुम्ही सिनिअर असाल, एखादी नवी पोरगी बेसिनपाशी पाठमोरी उभी राहून बराच वेळ हात धुताना दिसली, तर "काय गं, किती वेळ?" असं लांबून ओरडू नका. जवळ जा, नळ चालूच असू दे, आणि हळू आवाजात विचारा, "टोचली का?"